तोच चिरा

डॉक्टर माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बरोबरच्या तरुण डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होते. रत्नागिरीहून आलेल्या, लुगडे नेसलेल्या मुलीला त्यातले काही कळणार नाही, अशी त्यांची समजूत असावी. मला सगळे कळत होते. मुंबईत मावशीकडे राहून मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकले आहे. मी फारशी बोलत नाही, म्हणून लोकांच्या ते ध्यानात राहत नाही.

"उजवा डोळा गेलाच आहे. प्रश्न डाव्याचा आहे," डॉक्टर म्हणाले. "सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया झाला तर मुलगी पुरती आंधळी होईल."

सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणजे, शब्दाला शब्द ठेवला तर, सहानुभूतीचा नेत्ररोग. एका डोळ्याला खोल जखम झाली की पुढे कधीतरी दुसरा, धडधाकट डोळाही सुजतो आणि अधू होतो. प्रत्येकाला होतो असे नाही. पण एकदा सुरू झाला की फारसा उपाय चालत नाही. तो होऊ नये म्हणून जखमी डोळा वेळेवर काढून टाकतात. त्या शस्त्रक्रियेला एन्युक्लिएशन म्हणतात.

मी पापण्या मिटून पडून राहिले. एवढा मायाळू शब्द इतक्या वाईट आजाराला कुणी दिला असेल, एवढेच मनात आले.

आमच्यासारखी लहान रायफल पुष्कळ बागायतदारांच्या घरी असते. त्या घरांसाठी, आणि अशा खाटेवर पडायची वेळ कुणावर आलीच तर त्याच्यासाठी, मी हे लिहीत आहे.

आमची बाग रत्नागिरीजवळ, खाडीच्या अंगाला आहे. आंब्याच्या कलमांवर वानरांच्या टोळ्या येतात. माझा थोरला भाऊ मधूदादा याने परवाना काढून पॉइंट टू-टूची रायफल आणली, तेव्हा आईने आधीच बजावले, "मारुतीचं रूप आहे हो ते. नुसता बार काढायचा." म्हणून दादा बार काढी आणि नेमाची हौस करवंट्यांवर भागवी. न्हाणीघर बांधून उरलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची रास बागेच्या कडेला होती. तिच्यावर करवंटी ठेवायची आणि उडवायची.

मार्गशीर्षात त्याने मला तिथे नेऊन दाखवले होते. चिरे तेव्हा नुकतेच खाणीतून आलेले होते. गोळी चिऱ्यात शिरे आणि तिथेच राही. दादाने भोकात बोट घालून म्हटले, "बघ, लोण्यात सुरी."

वैशाखात मी पुन्हा त्याच्या शेजारी उभी राहिले. पुढे नव्हते, शेजारी होते. बंदुकीच्या तोंडासमोर नसले म्हणजे झाले, असे मला वाटत होते. बार झाला, दगडावर टण् असा आवाज आला, आणि कुणी तरी डोळ्यात तिखटाची मूठ मारावी तसे झाले. करवंटी जागच्या जागी होती म्हणे.

सिव्हिल सर्जननी पट्टी बांधली आणि मुंबईला न्यायला सांगितले. आगबोटींचा हंगाम संपत आला होता. समुद्र खवळलेला होता. ओकारी आली की डोळ्यावर ताण येई, म्हणून आई वाटभर माझे डोके दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती. दादा डेकवर दूर बसला होता.

मुंबईच्या इस्पितळात एक्स-रे काढला. एक्स-रेच्या छायाचित्रात हाडे आणि धातू दिसतात. माझ्या बुबुळामागे तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता.

"लोखंड असतं तर मोठ्या चुंबकाने ओढून काढायचा प्रयत्न केला असता," डॉक्टर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मराठीत म्हणाले. "हे फुटून मागे उडालेल्या गोळीचं शिसं आहे. शिसं चुंबकाला दाद देत नाही. निशाणाच्या मागे काय होतं?"

"जांभा," अप्पा म्हणाले. "मऊ दगड."

दादा दाराशी होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. "मऊच होता. मी बघितलं होतं. गोळी आत जात होती. तोच चिरा होता, अप्पा."

"केव्हा बघितलंस?"

"मार्गशीर्षात."

अप्पांनी बोटांवर महिने मोजले. मग हळूच म्हणाले, "अरे मधू, आता वैशाख आहे."

डॉक्टरांना यातले काही उमगले नाही, म्हणून अप्पांनी त्यांना समजावून सांगितले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो. ऊनवारा लागला की तो कडक होत जातो. आमच्याकडे हे कुणाला शिकवावे लागत नाही, त्यावरच आमची घरे उभी आहेत. दादालाही ते ठाऊक होते. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेले भोक त्याच्या मनात मऊच राहिले. दगड मात्र महिनोन्महिने उन्हात पडून होता.

नंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. सकाळी परिचारिका औषधाचे थेंब घाली, मग डॉक्टर बारीक दिवा डाव्या डोळ्यावर धरत. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत असू. आई रोज व्हरांड्यात जाऊन म्हणे, "आत ये रे, ती विचारत्ये तुला." मी विचारलेले नसे. दादा आत येत नसे. "आजही त्याने काही खाल्लंन नाही," असे सांगत ती परत येई. मला तिची दया येई, पण दादाला हाक मारण्याइतके त्राण माझ्यात नव्हते.

अप्पा डॉक्टरांना दर भेटीत तेच सांगत. "आणखी थोडं थांबू. पोरीचं लग्न व्हायचंय."

सुरुवातीला सांगितले त्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून डॉक्टर त्यांच्या सहकाऱ्याला हेच इंग्रजीत सांगत होते. बाप ऐकत नाही, आणि थांबलो तर दोन्ही डोळे जातील. ते वळून निघाले, तेव्हा मी इंग्रजीत म्हटले, "डॉक्टर, उजवा काढा. आजच काढता आला तर आज."

तरुण डॉक्टरांच्या हातातला कागद खाली पडला. मोठे डॉक्टर परत येऊन खाटेवर बसले. "तुम्ही सगळं ऐकलंत?"

"हो."

"वडिलांना काय सांगू?"

"मीच सांगते."

अप्पांना सांगणे क्लोरोफॉर्मपेक्षा कठीण गेले. क्लोरोफॉर्म हे गुंगीचे औषध. त्याचा गोडसर वास नाकात गेला की माणूस सुटतो. अप्पांपुढे सुटका नव्हती. मी म्हटले, "दोन्ही गेल्यावर मला कोण करून घेईल?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुझ्या शाळेने तुला फार बोलायला शिकवलंन गो." आणि सही करायला गेले.

पावसाळाभर मी मावशीकडे राहिले. जखम भरली, काचेचा डोळा बसला. डावा शाबूत आहे. चहा ओतताना धार अजून कपाच्या बाहेर जाते, पायरीचा अंदाज चुकतो. दमायला होते. स्थळे येतात आणि जातात. तरी हे सगळे मी स्वतःच्या डोळ्याने लिहिते आहे. त्या डॉक्टरांचे आणि आईच्या दोन हातांचे हे ऋण आहे.

बोटी सुरू झाल्यावर घरी आले. चिऱ्यांची रास दादाने हलवली होती. तिच्या जागी तांबड्या मातीचा पुरुषभर उंच, रुंद बांध होता. माती चाळून खडे काढलेले होते.

बंदूक असलेल्यांनी एवढे करावे. निशाणामागे अशी मातीच असावी, भरपूर जाड आणि निशाणापेक्षा बरीच उंच. दगड, पत्रा, माडाचे खोड, पाणी यांवर गोळी मारू नये. ती कुठे वळेल सांगता येत नाही. पाहणाऱ्याने शेजारी न थांबता पुष्कळ मागे राहावे. आणि मागे एकदा पाहिले होते, म्हणून आज पाहायचे सोडू नये. पावसात माती वाहून जाते, आतला दगड उघडा पडतो.

अजून वानरे येतात. दादा आता बारही बांधातच काढतो, आणि आधी मला बांध पाहायला बोलावतो. पहिल्यांदा मी म्हटले, "मला एकाच डोळ्याने दिसतं रे."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी मातीत कोपरापर्यंत हात घालते, कुठे काही टणक लागते का ते चाचपते. मग घरापर्यंत मागे जाऊन होकारार्थी मान हलवते. तोवर तो गोळी भरत नाही.