नव्वदातल्या दोन खुर्च्या

केतकी गेली त्या दिवशी सकाळी तिच्या प्लेटलेट्स अठरा हजार होत्या. आदल्या दिवशी एकतीस, त्याच्या आदल्या दिवशी चव्वेचाळीस. डेंग्यूच्या वॉर्डात रोज सकाळी डॉक्टरांकडून आकडा घ्यायचा आणि न्यू जर्सीला तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादाला, एसएमएस करायचा, हे मी न चुकता करत होतो. शेवटचा एसएमएस गेला तेव्हा दादा घरातून निघाला होता, पण ते मला ठाऊक नव्हतं. तो सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरला तेव्हा ती जाऊन अकरा तास झाले होते. सत्तावीस वर्षांची होती.

केतकी जन्मानं अमेरिकन. वहिनी गेल्या तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यानंतर त्या घरात बापलेक दोघंच. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपवून तिनं कॉलेज सोडलं आणि मॉस्कोच्या एका नाट्यविद्यालयात चार वर्षांसाठी नाव घातलं. दादा आरडाओरडा करणारा माणूस नाही. एवढंच म्हणाला, “ते सोडशील तेव्हा घरी ये.” तिनं सोडलं नाही. त्यामुळे दर जुलैत सुट्टी लागली की ती आमच्याकडे सिंगापूरला यायची. बिशानच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा आठवडे तिचा मुक्काम असे.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती तिकडचं सांगायची. वर्गात चोवीस जण, त्यांत परदेशी ही एकटी. सगळे तिला ‘अमेरिका’च म्हणत. ‘अमेरिका, खिडकी लाव.’ ‘अमेरिका, आज पुन्हा चुकीच्या ठिकाणी हसलीस.’ सकाळी नऊला सुरू झालेला दिवस रात्री दहाला संपायचा. पहिले पाच महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं रिकाम्या हातांनी काम करायचं. एकदा तिनं माझ्या बायकोला, सुनीताला, हातात काहीही नसताना पोळी लाटून दाखवली. सुनीता म्हणाली, “कडा जाड राहिल्यात गं.” केतकीनं मान हलवली आणि पुन्हा लाटली. मी हसलो होतो. त्या दोघी हसत नव्हत्या.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली. पुढच्या वर्षी पदवीचा प्रयोग होता. नव्वद खुर्च्यांचं लहान सभागृह, प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्यांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवलेल्या. आदल्या वर्षी एकाची आई सायबेरियातून तीन दिवस रेल्वेनं आली होती, मांडीवर लोणच्याची बरणी सांभाळत. केतकीनं हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, “काका, तू बाबाला सांग ना. मी बोलावलंय म्हणून सांग.”

मी होकार दिला. पण मी विचार केला, असं थेट सांगितलं तर दादा थेट नाही म्हणेल. त्याला आधी पुरावा द्यावा. रशियातल्या विद्यार्थ्यांकडे गुणांची एक छोटी वही असते, गुण पाचापैकी. प्रयोगाच्या महिनाभर आधी मी केतकीकडून ती वही मागवून घेतली आणि दादाला तक्ता करून मेल केला. अभिनय पाच. तलवारबाजी पाच. उच्चार चार. रशियन तिची मातृभाषा नसल्यामुळे त्या चाराकडे कसं पाहावं, याची खाली टीपही दिली. सगळ्यात शेवटी प्रयोगाची तारीख आणि पत्ता. मेल पाठवण्याआधी दोनदा तपासला.

दादाचं उत्तर आलं, “मार्क चांगले आहेत.” मला वाटलं, सुरुवात तर झाली.

दादा प्रयोगाला गेला नाही. मीही गेलो नाही. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात तिमाहीअखेर होती. प्रयोगानंतर तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, हाउसफुल्ल होतं का?

“अठ्ठ्याऐंशी, काका,” ती म्हणाली.

त्या दोन खुर्च्यांबद्दल आम्ही पुढं कधीच बोललो नाही. ती सिंगापूरला आली, एका शाळेत मुलांना नाटक शिकवू लागली, बुओना व्हिस्टाला एक खोली भाड्यानं घेतली. रविवारी जेवायला आमच्याकडे असायची. दादाचा विषय निघाला की ताट उचलून सिंककडे जायची...

ती गेल्यावर दादा चार दिवस राहिला. सगळं उरकल्यावर, परतीच्या सकाळी, डायनिंग टेबलाशी बसून त्यानं मला शांतपणे विचारलं, “तुझा तो मार्कांचा मेल मी अजून ठेवलाय. त्यात ‘ये’ असं कुठं लिहिलं होतंस?”

“नव्हतं लिहिलं,” मी म्हणालो.

“तिनं बोलावलं होतं का?”

“हो.”

“मला वाटलं, बोलावलं असतं तर तू लिहिलं असतंस. तुझं काही राहून जात नाही.” मग तो म्हणाला, “हॉस्पिटलमधूनही तू आकडेच पाठवलेस. चव्वेचाळीसवरून एकतीस म्हणजे काय, हे मला माझं मी ओळखावं लागलं.”

त्यानं स्वतःलाही सोडलं नाही. दोन शब्द आपणही लिहू शकलो असतो, हे तो दोनदा म्हणाला. पण माझ्या वाट्याचं ते माझंच आहे. तिचा निरोप माझ्याकडे होता आणि तो मी पोचवला नाही.

त्या चार दिवसांत तिच्या खोलीत मात्र तो गेला नाही. टॅक्सी करून खालपर्यंत गेला आणि परत आला. आता ही खोली महिनाअखेरीस सोडायची आहे. गेल्या आठवड्यात मी त्याला मेल लिहिला. तक्ता नाही, टीप नाही. “दादा, तिची खोली आवरायची आहे. ये.” तासाभरात उत्तर आलं, “येतोय. तोवर काही हलवू नकोस.”

हलवण्यासारखं तिथं फारसं नाहीच. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा. ती एकटीनं करायचा एक प्रयोग बसवत होती, त्यातल्या घराच्या भिंती तिनं तशा आखून ठेवल्यात. एका ठिकाणी बत्तीस इंचांची जागा मोकळी सोडली आहे. ते दार. मी दर शनिवारी केर काढायला जातो. रेघा ओलांडून सरळ पलीकडे जाता येतं, कोणी अडवत नाही. पण मी वळसा घालून त्या दारातूनच आत जातो.