इंटरनेटच्या घड्याळावर लागलेलं लग्न

आमच्या घराण्यात वेळेवर कोणी काही केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. माझा जन्म इतका लांबला की सुईण मधल्यामधे घरी जाऊन भाकरी थापून, जेवून, झोप काढून आली, तरी तिला थांबावं लागलं. आजोबा मेंढरामागं फिरणारे. मेंढरं बसली की दुपार, उठली की दिवस कलला, एवढ्यावर त्यांचा जन्म गेला. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मेंढरं विकून जमीन घेतली, पण घड्याळ काही घेतलं नाही. कमलनगरच्या जीपांना अप्पांना मागं सोडून निघायची इतकी सवय झाली होती की ते कधी वेळेत स्टँडवर दिसलेच, तर ड्रायव्हर घाबरून आपलं घड्याळ कानाला लावून बघायचा.

अशा घरातल्या माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न उदगीरकडच्या एका हेडमास्तरांच्या मुलाशी ठरलं. हे हेडमास्तर खोकायचे तेसुद्धा तास संपल्यावर. कुंकू लावायला ते आले तेव्हा आम्ही आमच्याच घरी उशिरा पोचलो. पाहुणे ओट्यावर, यजमान शेतात. हेडमास्तर उठले आणि चारचौघांत म्हणाले, "लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. अंतरपाट बारा पस्तीसलाच सरेल. एक मिनिट अलीकडं नाही, पलीकडं नाही. नाहीतर वऱ्हाड आलं तसं परत जाईल."

ही नुसती धमकी नव्हती. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी एक मांडव असाच सोडला होता, आणि ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

बहिणीला मुलगा मनातून आवडला होता. पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "अण्णा, माझ्या लग्नापुरती तरी घरात येळ आण. कुठूनबी आण."

मी ती इंटरनेटवरून आणली.

बसस्टँडसमोर माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. कॉम्प्युटरमधला घड्याळाचा सेल मेलेला. लाईट गेली की मशीन बिनतक्रार मागच्या शतकात जाऊन बसायचं, आणि आमच्याकडं लाईट इतकी जायची की माझ्या विद्यार्थ्यांनी एका कोर्सात एकविसावं शतक शंभरदा लागताना पाहिलं. यावर मी एक छोटं स्क्रिप्ट लिहिलं. मशीन सुरू झालं की ते आधी नेटवर जायचं, वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला 'किती वाजले' विचारायचं, आणि उत्तर आलं की घड्याळ सरळ करायचं. अप्पांना मी समजावलं की जगात काही मशिनी अशा आहेत, ज्यांना वेळ सांगण्यापलीकडं दुसरा उद्योग नाही.

"मग त्यांला जेवायला कोण घालायलंय?" अप्पांनी विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरमधे व्हायरस शिरला. मी मशीन पुसून सगळं नव्यानं टाकलं, स्क्रिप्टही टाकलं. सकाळी सेंटरसमोर रांग लागली. मामा, मेव्हणे, आचारी, बँडवाला, सगळ्यांनी सेकंदाला सेकंद जुळवून घड्याळं लावली. अप्पांच्या मनगटावर मेव्हण्याचं जुनं घड्याळ बांधलं. ते त्यांनी दिवसभर अंगावर विंचू चढल्यासारखं सांभाळलं.

आणि मांडवात आमची माणसं वेळेच्या आधी हजर! गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी हे दृश्य बघून आपले दिवस भरले असंच धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं कडवं आलं. मामानं अंतरपाटाचं टोक आवळून धरलं, एवढ्यात हेडमास्तर ओरडले, "थांबा! आत्ता कुठं बारा वीस झालेत!"

"बारा पस्तीस!" मामानं मनगट पुढं केलं. आमच्याकडची सगळी मनगटं पुढं आली. सगळी एका मताची.

"मी सकाळी रेडिओवर लावलंय," हेडमास्तर म्हणाले. "अंतरपाट आत्ता सरला तर मी मुलाला घेऊन परत जातो."

सेंटर रस्त्यापलीकडंच होतं. मी चालत गेलो. बघणारे म्हणतात पळत गेलो. घड्याळाची खिडकी उघडली, आणि त्यात शांतपणे लिहिलेलं होतं: काठमांडू.

त्याचं असं असतं की सर्व्हर साऱ्या जगाला एकच वेळ सांगतो, आणि मशीन त्यात आपल्या मुलखाचा फरक मिळवतं. मुलूख निवडताना माझं बोट एक ओळ खाली घसरलं होतं. भारताच्या खालची ओळ नेपाळची, आणि नेपाळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं. स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं होतं.

मी परतलो तोवर भटजी शेवटचंच कडवं फिरवून फिरवून म्हणत होते. सुरू झालेली मंगलाष्टकं मधे थांबवायची नसतात म्हणे.

"सर, तुमचं घड्याळ बरोबर हाय," मी म्हणालो.

"आणि तुमचं?"

"आमचंबी बरोबरच हाय. फक्त ते नेपाळात हाय."

अप्पांनी हळूच विचारलं, "नेपाळात आपलं कोण राहतंय?"

आता मुहूर्त येईस्तोवर कुणीतरी गात राहणं भाग होतं. आत्यानं मराठी मंगलाष्टक घेतलं आणि त्यात सगळे नातेवाईक ओवले, मेलेलेसुद्धा. शेजारच्या अक्कानं कन्नडमधून घेतलं. औरादकडच्या आचाऱ्यानं झारा खाली ठेवून तेलुगू म्हटलं. दर 'सावधान'ला ज्वारीच्या अक्षता उडून उडून संपल्या, तसे लोक एकमेकांच्या फेट्यातून दाणे वेचून टाकायला लागले. तेवढ्यात अंतरपाटाच्या अलीकडून बहिणीचा आवाज आला, "अण्णा, नेपाळच्या लोकांला एवढी घाई कामून असती रे?"

अंतरपाटापलीकडं नवरदेव फस्सकन हसला. हेडमास्तर मुलाकडं बघतच राहिले. शाळेच्या शिस्तीत वाढलेलं त्यांचं पोर, त्याला हसताना त्यांनी बहुतेक सुटीतही पाहिलं नसावं.

सगळ्यात शेवटी बँडवाला उठला. त्यानं उभ्या उभ्या दखनी उर्दूत सेहरा, म्हणजे लग्नाचं गाणं, रचला. नवरीवर एक कडवं, नवऱ्यावर एक, आणि मग थेट हेडमास्तरांवर: सूरज भी इनकी घंटी सुनकोच निकलता! हेडमास्तरांनी मान खाली घातली, पण त्यांचा पाय ताल धरायला लागला. कडव्यामागून कडवं चढत गेलं. शेवटचं संपलं तेव्हा हेडमास्तरांनीच हात वर केला, मामानं अंतरपाट ओढला, बँड कडाडला.

अप्पा मात्र हेडमास्तरांच्या मनगटाशी वाकून उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाच्या तरी घड्याळाची काळजी लागली होती.

"सर," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बारा पस्तीस होऊन गेले की! काटा सदतीसवर हाय."

हेडमास्तरांनी आजूबाजूला पाहिलं, आणि कोटाची बाही ओढून घड्याळ झाकलं.

"हळू बोला, व्याही," ते म्हणाले. "माझं घड्याळ जरा पुढं आहे."