मी कापलेल्या चार ओळी

शिरोळकडच्या कुणाच्या तरी प्रश्नातल्या चार ओळी मी एका पावसाळी दुपारी कापल्या. कापायला पाच-सात सेकंद लागले असतील. ओळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत होत्या आणि मराठीत त्यांचा अर्थ असा होता: सर्व आदरणीय सरांना नमस्कार. मी शिरोळजवळच्या गावातून विचारत आहे, इथे पुराचे पाणी वाढत आहे आणि संध्याकाळी वीज बंद करणार आहेत. सहा वाजेपर्यंत हे काम करून मला पुण्याच्या कंपनीला पाठवायचे आहे, नोकरीची ही माझी पहिलीच संधी आहे. कृपया त्याआधी कोणीतरी सांगावे.

त्याच्याखाली प्रश्न होता. प्रश्न मी ठेवला, ओळी काढून टाकल्या. का काढल्या हे सांगायचं तर माझीच उणीदुणी काढावी लागतील, तर काढतेच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची इंटरनेटवर एक मोठी चावडी आहे. नवशिक्याचं कुठं अडलं की तो तिथं प्रश्न टाकतो आणि जगभरातली जाणती माणसं उत्तर देतात. कुणी पैसे घेत नाही. चांगल्या उत्तराला गुण मिळतात आणि गुण साठले की अधिकार मिळतात. दुसऱ्याचा प्रश्न दुरुस्त करायचा, त्यातलं फालतू वाटेल ते काढायचं, हा प्रश्न आधी विचारून झालाय असं म्हणून त्याला कुलूप घालायचं, म्हणजे मग त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष झालेल्या माणसाला जेवढा माज चढतो, तेवढाच इथंही चढतो. फक्त चौकात फ्लेक्स लागत नाही, एवढाच फरक.

मी मूळची कोडोलीची. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, म्हसरं होती, अजून आहेत. आबांची कुणाकडं काम सांगायला जायची एक ठरलेली रीत होती. गेल्या गेल्या कामाचं बोलायचं नाही. आधी पाऊस किती झाला, ऊस कसा आहे, थोरली कुठं दिली, धाकटा काय करतो. मग चहा. चहानंतर तंबाखू. मग ‘बराय, येतो’ म्हणून उठायचं आणि दारात चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं म्हणायचं, ‘तुमचा ट्रॅक्टर दोन दिवस मोकळा हाय का?’ ट्रॅक्टर मिळायचा. लहानपणी मला वाटायचं की जगात सगळीकडं कामं अशीच होतात. घरात पाऊल टाकताच काम सांगणाऱ्याला आमच्याकडं अडाणी समजतात.

कोल्हापुरात कॉलेज झालं आणि एका लहानशा कंपनीत मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. एका दुकानाच्या वर एक हॉल, तिथं आम्ही पाचजण. शिकवायला कुणाला वेळ नसायचा. दुसऱ्याच आठवड्यात मी एका कामात अशी अडकले की दोन दिवस स्क्रीनकडं नुसती बघत बसले. मग कुणीतरी त्या चावडीचं सांगितलं आणि मी आयुष्यातला पहिला प्रश्न लिहिला. अर्थात आबांच्या रीतीनं. नमस्कार घातला. कोडोली कुठं आहे ते सांगितलं. वडील दुधाचा व्यवसाय करतात, मी घरातली पहिलीच नोकरी करणारी, इथले सर रागीट आहेत पण मनानं चांगले आहेत, हेही लिहिलं. आपणा सर्वांची तब्येत ठीक असेल अशी आशा व्यक्त केली. मूळ प्रश्न शेवटच्या ओळीत होता, चपला घालताना विचारावा तसा.

अर्ध्या तासात चारजण तुटून पडले. एकानं लिहिलं, ही जागा आत्मचरित्र लिहायची नाही. दुसऱ्यानं विचारलं, यात प्रश्न कुठं आहे. तिसरा म्हणाला, आधी स्वतः काय केलंस ते दाखव, आम्ही तुझा गृहपाठ करायला बसलेलो नाही. चौथ्यानं सरळ माझा नमस्कार, माझं गाव, माझे आबा, सगळं पुसून टाकलं आणि उरलेल्या एका ओळीला कुलूप घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी हॉलच्या जिन्यात जाऊन रडले. ते काम दुसऱ्याला दिलं गेलं आणि पुढचे चार महिने मी कंपनीत फोन उचलायचं काम केलं. मला तेव्हा त्या चौघांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. उंटावरून शेळ्या हाकणारे लेकाचे.

पण शिकले. फोन उचलता उचलता दुसऱ्यांचे हजारो प्रश्न वाचले. नमस्कार नाही, आभार नाही, गाव नाही, गरज नाही. अमुक केलं, अमुक व्हायला हवं होतं, तमुक झालं, एवढंच लिहायचं. असं विचारलं की उत्तर मिळतं. सहा महिन्यांनी मी स्वतः उत्तरं द्यायला लागले. सात-आठ वर्षांत नोकरी बदलली, कोल्हापुरातच राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्यानं घेतला आणि त्या चावडीवर माझं चांगलं वजन झालं. एका विषयात तर मी एकटीनं प्रश्न बंद करू शकायचे, दुसऱ्या कुणाचं मत लागायचं नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. माझे दिवस आले तेव्हा मी कोणत्या सासूसारखं वागायचं ते आधीच पाठ करून ठेवलं होतं.

सुरुवातीला मी मनातल्या मनात का होईना, नमस्कार वाचून मग पुसायचे. नंतर वाचायची सवय गेली. ‘आदरणीय’ हा शब्द दिसला की पहिला परिच्छेद निवडायचा आणि उडवायचा. आपल्याकडच्या पोरांचे प्रश्न लांबूनच ओळखू यायचे आणि मला त्यांचीच सगळ्यात जास्त चीड यायची. परदेशातल्या कुणी घोळ घातला तर मी समजावून सांगायचे. आपल्यातल्यानं घातला तर मला माझाच तो पहिला प्रश्न दिसायचा, आणि तो पुसल्यावर बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण खरंच बरं वाटायचं.

त्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला चहाचा कप हातात घेऊन मी बसले होते. बाहेर पाऊस चार दिवस लागून होता. शिरोळचा प्रश्न समोर आला. वर ‘आदरणीय सर’, म्हणून वरच्या चार ओळी उडवल्या. खाली नेहमीचाच त्रुटीसंदेश होता: आकडा अपेक्षित होता, मिळाला नाही. असा संदेश दाखवणारे प्रश्न शेकड्यानं आहेत. त्यातल्या एका जुन्या प्रश्नाचा पत्ता जोडला, ‘हे आधीच विचारलेलं आहे’ असा शेरा मारला आणि कुलूप घातलं. चहा अजून गरम होता.

चार वाजता त्या प्रश्नाखाली विचारणाऱ्याची मला उद्देशून एक ओळ आली. पाच वाजून दहा मिनिटांनी आणखी एक. कोपऱ्यात लाल ठिपका दिसत होता, पण मी उघडून पाहिलं नाही. ज्याचा प्रश्न बंद होतो तो प्रत्येकजण हेच म्हणतो की माझं वेगळं आहे. पालथ्या घड्यावर पाणी कशाला घालायचं, असं मी ठरवून टाकलेलं होतं.

साडेसातला आबांचा फोन आला. आबा फोनवरही रीत सोडत नाहीत. जेवलीस का, तिकडं पाऊस कसा, पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं का, ऑफिसला कशी जातेस. मी हं-हं करत दुसरीकडं काहीतरी टाइप करत होते. मग ते म्हणाले, ‘शिरोळकडची मानसं हलवाय लागल्यात म्हनं. लाइट बी बंद केल्या तिकडची.’

माझे हात थांबले. शिरोळ हा शब्द त्या दिवशी माझ्या डोळ्यांखालून गेला होता. बातमीत नव्हे. मी पुसलेल्या मजकुरात, इंग्रजी अक्षरांत. आबांना नंतर करते म्हणाले आणि तो प्रश्न उघडला.

तिथं प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते. काय काढलं ते लाल रंगात दिसतं आणि बाजूला काढणाऱ्याचं नाव. त्या चार लाल ओळी मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. त्यात वेळ होती, सहा वाजेपर्यंत. त्यात कारणही होतं. आणि खाली मला उद्देशून आलेल्या दोन ओळी होत्या. चार वाजताची अशी: सर, तुम्ही दिलेला प्रश्न मी दोनदा वाचला, माझे कारण वेगळे वाटते, कृपया एकदा बघता का. पाच-दहाची फक्त एका शब्दाची होती. ‘सर?’

मग मी प्रश्न वाचला. खरोखरच कारण वेगळं होतं. कंपनीनं दिलेल्या तक्त्यात पहिल्या ओळीत रकान्यांची नावं होती आणि तो प्रोग्रॅम ती नावंही आकडे समजून वाचायला जात होता. पहिली ओळ सोडून पुढं वाचायला सांगायचं, बस्स. एका ओळीचं उत्तर. मला ते दोन मिनिटांत दिसलं, तर साडेतीन वाजताही दोन मिनिटांतच दिसलं असतं. पहिल्या ओळी न वाचता सोडून द्यायचं काम त्या प्रोग्रॅमला जमत नव्हतं आणि मला फार चांगलं जमत होतं.

मीच घातलेलं कुलूप मीच काढलं. कापलेल्या ओळी परत लावल्या. उत्तर लिहिलं आणि त्याच्या सुरुवातीला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, प्रश्नाला सोडून एक ओळ लिहिली, मराठीत: ‘पाणी कुठवर आलंय? सगळे सुखरूप आहात ना?’ घड्याळात आठ वाजायला आले होते. बैल गेला आणि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर माझी मराठी ओळ कुणीतरी काढली होती. शिरोळच्या चार ओळीही पुन्हा गेल्या होत्या. काढणारा कुठल्यातरी लांबच्या देशातला, फोटोच्या जागी कुत्रं लावलेला गृहस्थ. शेरा होता, विषयाशी संबंध नाही. त्याच्यावर मी किती चिडावं? शेऱ्यातले शब्दसुद्धा मी वापरायचे तेच होते.

नऊ दिवस त्या बाजूनं काहीच आलं नाही. मी पेपरात शिरोळच्या बातम्या वाचायचे. छावण्या, होड्या, जनावरं. कुणाला विचारणार? मला गावाचं नाव ठाऊक नव्हतं, माणसाचं नव्हतं, होतं ते नुसतं टोपणनाव, बाई की बुवा तेही नव्हतं. आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना त्यातलं काही कळणार नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘पावणं कुठलं, येवढं तर इचारायचंस की गं आधी.’

मनात आलं, विचारायची गरजच नव्हती आबा, त्यांनी न विचारताच सांगितलं होतं.

दहाव्या दिवशी उत्तराखाली इंग्रजी अक्षरांत मराठी आलं. माझी काढलेली ओळ नोंदीत जाऊन वाचली असणार, नावासकट. ‘ताई, आज लाइट आली. पाणी दारात आलतं, घरात न्हाय आलं. तुमचं उत्तर बरोबर हाय, चालवून बघितलं. कंपनीची मुदत गेली, त्यांनी न्हाय म्हणून कळवलं. तुमच्याकडं पाण्याचा तरास न्हाय झाला न्हवं?’

माझ्याकडं. तिसऱ्या मजल्यावर. त्या माणसानंसुद्धा आबांचीच रीत पाळली होती, फक्त उलटी. कामाचं आधी सांगून टाकलं आणि जाता जाता दारात माझी चौकशी केली. मी काय लिहावं हे ठरवत बसले. क्षमा मागायची तर कुणाच्या नावानं मागायची, पुण्याच्या त्या कंपनीला पत्र लिहू का असं विचारावं का, गाव कुठलं हे आता तरी विचारावं का. जेवून येते आणि शांतपणे लिहिते असं ठरवलं. जेवून आले तर ती ओळ तिथं नव्हती. आभार-गप्पा, विषयाशी संबंध नाही, म्हणून कुणीतरी साफ केली होती. मी त्याच जागी क्षमा मागून माझा फोन नंबर लिहिला. तो दहा मिनिटांत गेला. त्या टोपणनावानं पुन्हा तिथं कुणी आलं नाही, मी अजून बघते.

ते पान आता अगदी स्वच्छ आहे. वर प्रश्न, खाली उत्तर, उत्तरापुढं हिरवी खूण. शिरोळ नाही, पाणी नाही, सहा वाजेपर्यंतची वेळ नाही. प्रश्न चांगला मांडलाय असा कौलही त्याला बऱ्याच जणांनी दिला आहे. आणि दर थोड्या दिवसांनी जगातलं कुणीतरी माझ्या उत्तराला ‘उपयोग झाला’ म्हणून गुण देऊन जातं. काल पुन्हा एक आला. ज्याला उपयोग व्हायला हवा होता तो एक सोडला, तर त्या उत्तराचा सगळ्यांना उपयोग झालेला आहे.