रिकाम्या पोटाची कौदी

हात गुंतलेले असले की तोंड मोकळं सुटतं, आणि तोंड सुटलं की किस्से साचतात. लातूरला आमच्या घरी रोज दुपारी गोधड्या शिवायला चौघी बसतो. चिंध्या संपतात, किस्से काही संपत नाहीत. मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून हे सुरू केलं. बारशाची दुपटी, नातवंडांसाठी रंगीबेरंगी गोधड्या, लहानशा उशा, कापडी हत्ती, असलं सगळं. विकत नाही, घरात आणि ओळखीपाळखीत देतो.

चौघी कोण ते सांगते. एक मी. दुसरी विमल, माझी धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते आणि कशालाही घाबरते. तिसरी शेजारची सुनीता, हदगावकडची. ती कशालाच घाबरत नाही, निदान तसं दाखवते. चौथ्या गंगाकाकू, उदगीरच्याही पलीकडच्या, कर्नाटकाला चिकटलेल्या गावच्या. त्या गोधडीला कौदी म्हणतात आणि आमचे टाके वाकडे गेले की तोंडाने काही न बोलता उसवून ठेवतात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मजेत बसल्यात बायका. पण खरं सांगू? आमचे किस्से सगळे घाबरण्याचेच. आणि यंदा तर भीती घरातच मुक्कामाला आली होती. माझी मंजू बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मागच्या खेपेला सातव्या महिन्यातच सगळं संपलं. तेव्हा दुपटी, टोपडी, हत्ती, सगळं आधीच करून ठेवलं होतं. ते पत्र्याच्या पेटीत तसंच राहिलं, आणि ती पेटी उघडायची हिंमत आजही कुणाला होत नाही. म्हणून या खेपेला विमलने फर्मान काढलं, की बाळ हातात येईपर्यंत त्याच्या नावाने एक टाकासुद्धा घालायचा नाही. मी शिकलेली बाई, असलं काही मानत नाही. तरी ते फर्मान ऐकून मला फार बरं वाटलं.

*

आधी सुईचा किस्सा.

उठण्याआधी सुया मोजायच्या, हा काकूंचा दंडक. एकदा ओळखीतल्या बारशाचं दुपटं घाईघाईने पूर्ण केलं आणि पाठवून दिलं. मग सुनीताने सुया मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या, सतरंजी झटकली, पाटाखाली बघितलं. सुई कुठेच नाही.

विमल मटकन खाली बसली. आम्ही अंगावरच्या साडीवर रिक्षा पकडली. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे ते तान्हं बाळ आणि त्याची कोवळी पाठ. हॉलवर पोचलो तर बाळ त्याच दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलेलं आणि बायका पाळणा म्हणत उभ्या. आता भर हॉलमध्ये कसं सांगायचं, की तुमच्या बाळाच्या अंगाखाली सुई आहे?

सुनीता तडक पुढे गेली. "थांबा जरा. आमच्या हदगावकडं दुपटं दाबायची रीत हाय. लेकरू काढा बाहीर."

बाळ आत्याच्या हातात दिलं. मग आम्ही चौघींनी ते दुपटं इंच इंच दाबलं. मी ओठातल्या ओठात "सापड गं बाई, सापड" म्हणत होते. लोकांना वाटलं स्तोत्र म्हणतेय. विमलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते बघून बाळाच्या आजी इतक्या गहिवरल्या, की त्यांनी आम्हाला हळदीकुंकू लावलं. सुई मात्र लागली नाही. तेव्हा सुनीताने रीत आणखी वाढवली. "दाबलेलं दुपटं एक रात शिवणाऱ्याच्या घरी ऱ्हातंय," असं म्हणून ती ते काखेत मारून निघाली.

घरी येऊन आम्ही सगळं दुपटं उसवलं. काही नाही. शेवटी दमून विमलने अंबाडा सोडला, तेव्हा त्यातून दोऱ्यासकट सुई पडली. काकूंनी ती उचलून डबीत टाकली आणि दिवसभर विमलशी बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात त्याच नात्यातून दुसऱ्या बारशाचं बोलावणं आलं. फोनवर आजी म्हणाल्या, "दुपटं आम्ही दुकानातनं आणलंय. तुम्ही नुसतं दाबायला या."

*

लातूरच्या माणसाशी जमीन हलण्याची थट्टा करू नये. काकूंनी तो मोठा भूकंप बघितलाय. त्या त्याबद्दल बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

एका दुपारी आम्ही एकाच मोठ्या गोधडीवर चारी बाजूंनी बसलो होतो. अचानक फरशी घुमायला लागली. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजू लागले. वर मंजू झोपली होती. मी जिन्याकडे धावले आणि विमल "अगं माय" करत दाराकडे. ती पळाली तशी तिच्यामागून गोधडी पळाली, आणि गोधडीचं दुसरं टोक घट्ट धरलेल्या काकू गोधडीमागून ओढल्या गेल्या. विमलने आपला पदरच गोधडीत शिवून टाकला होता! दारात विमल, गोधडी आणि काकू अशी जाम कोंडी. मी मंजूला हाताला धरून खाली आणलं, तर बाहेर पडायला वाट नाही.

सुनीता ओरडली, "कापा तो पदर."

काकू म्हणाल्या, "नवी साडी हाय. धरणी हालायची तर हालू द्या, आधी इमलला उसवा."

एवढ्यात मागच्या गल्लीतून एक माणूस सांगत आला, की कुणीतरी बोअर घेतोय. फरशी त्या मशीनने घुमत होती. लातूरमध्ये बोअर म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही, पण इतक्या जवळ कुणी घेतली नव्हती. पाणी काही लागलं नाही, नुसता धुरळा वर आला.

मंजू पोटावर हात ठेवून पायरीवर बसली. काकू तिच्या शेजारी बसून विमलचा पदर उसवत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्या छपराखाली आल्या नाहीत आणि मंजूलाही आत जाऊ दिलं नाही. आम्ही हसलो ते दुसऱ्या दिवशी.

*

आता होस्टेलचा किस्सा. त्यासाठी काकूंची एक रीत सांगायला हवी.

कौदी चारी बाजूंनी शिवत आणायची, पण शेवटचा एक कोपरा उघडा ठेवायचा. सगळं मनासारखं झालं, की त्या कोपऱ्यातून आत पोळीचा एक घास सारायचा आणि मग तो बंद करायचा. कौदीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. घास घातला की कौदी झाली. तोवर ती कौदी नाही, नुसतं जोडलेलं कापड.

सुनीताची भाची हदगावहून इथे क्लाससाठी आली. तिला आम्ही तिच्या आईच्या जुन्या साड्यांची गोधडी करून दिली. एक दिवस त्या पोरीचा रडत फोन आला. "आत्या, मॅडम मला खोलीतून काढून राहिल्या."

झालं असं, की रेक्टर मॅडम खोल्या तपासत होत्या. गोधडीच्या कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. मोबाईल लपवला असेल म्हणून त्यांनी कात्रीने कोपरा उसवला, तर आतून वाळून खडंग झालेला पोळीचा तुकडा निघाला. मॅडम एम.एस्सी. झालेल्या. तुकडा बघून त्या दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "ही करणी आहे."

झालं. मजल्यावरच्या सगळ्या पोरी एका खोलीत जाऊन बसल्या. एकीला ताप भरला. एकीच्या आईने नांदेडहून फोन करून सांगितलं, की पोरीला घेऊन जायला निघालेच आहे. त्या तुकड्याभोवती कुणीतरी खडूने गोल काढून ठेवला होता. आम्ही चौघी तिथे पोचलो तेव्हा पोरी दारातून माना काढून बघत होत्या. खरं सांगते, तो गोल बघून क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. ती पोळी मीच लाटली होती, तरी.

मॅडम लांबूनच म्हणाल्या, "हात लावू नका त्याला, आजी."

काकूंनी चप्पल काढली, गोलात गेल्या, तुकडा उचलला, फुंकर मारली आणि खाऊन टाकला. सगळ्या पोरी बघत होत्या. काकूंनी शांतपणे चावून गिळला.

"मीठ कमी हाय," माझ्याकडे बघून म्हणाल्या.

*

मग मंजूला आठवा लागला आणि आमच्या दुपारी गप्प गप्प झाल्या. मागच्या खेपेचा सातवा कुणी तोंडाने काढत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तोच. मी तिला उठताबसता "बरं वाटतंय ना" विचारायचे. शेवटी ती चिडून म्हणाली, "आई, तू विचारलंस की मला भीती वाटते." मग मी विचारायचं बंद केलं आणि दाराआडून बघत राहायला लागले.

एक दिवस ती न सांगता खाली आली. काय सांगू, खोलीत एकदम पळापळ झाली. सुनीताने काहीतरी शिलाई मशीनखाली लोटलं. मी मांडीवरचं पदराखाली घेतलं. विमलने हातातलं पटकन खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसली. बसली ती किंचाळत उठली, कारण सुई त्यातच होती. मागे एवढासा पिवळा हत्ती लटकत होता, एक कान शिवायचा राहिलेला.

फर्मान काढणारी तीच, आणि नियम तिच्यासकट आम्ही तिघींनी मोडलेला.

मंजू हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "कशाला केलंत?" एवढंच म्हणाली. आम्ही तिघी पकडलेल्या चोरांसारख्या उभ्या. काकू मात्र आपल्या जागी बसून शिवतच होत्या. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मंजूचा शाळेतला निळा फ्रॉक, माझं जुनं पातळ आणि काकूंचं स्वतःचं हिरवं लुगडं, असे तुकडे जोडून लहानशी कौदी होत आली होती.

"हे काय, काकू?" मंजूने विचारलं.

"काय न्हाई. चिंध्या हायत." काकूंनी उघडा कोपरा तिच्या हातात दिला. "बघ, पोट रिकामं हाय. अजून कौदीच झाली न्हाई तर ती कुणाची कशी व्हईल? जा, पड जा जरा."

मंजूने त्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं आणि वर गेली. त्या दिवशी ती दुपारभर झोपली. मी दाराआडून बघितलं ना.

*

आठवा संपायच्या आतच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. हातात दिलीच नाही, थेट काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर चांगले होते, पण काही विचारलं की "बघू" म्हणायचे. पेटी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे ती पत्र्याचीच यायची. आत कुणाला सोडत नव्हते. मंजू तिथेच ॲडमिट, जावई आणि आमचे हे आळीपाळीने बाहेर बाकावर. मला घरी बसवलेलं. मी फोनकडे बघत बसायचे आणि तो वाजला की मला तो उचलवायचा नाही.

त्या तिघी रोज यायच्या. कुणी किस्सा काढायचं नाही. सुनीता मशीन उघडायचीच नाही. काकू ती छोटी कौदी गरम पाण्यात पिळून काढायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि घडी करून मांडीवर घेऊन बसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायच्या. शिवायला त्यात काही उरलंच नव्हतं. फक्त तो एक कोपरा उघडा. दोरीवर ती वाळत दिसली की मी तोंड फिरवायचे. एकदा न राहवून म्हणाले, "काकू, ती आत ठेवा ना कुठेतरी. मला बघवत नाही."

"मला तरी कुठं बघवतंय," काकू म्हणाल्या आणि कौदी मांडीवरच ठेवली.

अशाच एका दुपारी फोन वाजला. जावयांचं नाव दिसलं आणि मी हात मागे घेतला. सुनीता, कशालाच न घाबरणारी, उठून चक्क स्वयंपाकघरात गेली. फोन वाजतच होता. शेवटी उचलला तो विमलने.

ती नुसतं ऐकत होती. "हं" म्हणाली, पुन्हा "हं" म्हणाली. मग फोन छातीशी धरला आणि भिंतीला टेकून रडायला लागली.

काकूंनीच विचारलं. "इमल. बोल."

"पेटीतनं काढलंय," विमल हुंदके देत म्हणाली. "मंजूच्या छातीशी दिलंय. सिस्टर म्हणतेत, गुंडाळायला घरून मऊ कायतरी घेऊन या."

काकूंनी मांडीवरची कौदी उलगडली, उघडा कोपरा वर केला, डबीतून सुई काढली आणि एका दमात दोरा ओवला.

"सुनीता, पोळी हाय का घरात?"

"हाय ना, सकाळची," सुनीता आतून म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

"सकाळची नको," काकू म्हणाल्या. "गरम लाट."