बेस्ट खूट

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसते म्हटलं की लोक आधी कारण विचारतात. मी प्रत्येकाला वेगळं दिलं. सासूबाईंना सांगितलं, इथे पुढे जायचं तर लागतंच. आइंडहोवनच्या गणपतीत एकीने छेडलं तेव्हा म्हटलं, डोक्याला जरा खुराक. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही, कारण त्याला माझ्या थापा कळतात. विद्यापीठाच्या फॉर्मवर तर त्यासाठी अख्खा रकानाच होता: ही पदवी का घ्यायची आहे? तो मी कोराच ठेवला होता.

खरं कारण एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द मी सहा वर्षं चुकीचा ऐकत आले होते.

माझे बाबा नाशिकला एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे. त्यांच्याकडे तीनच शेरे होते: चालेल, ठीक आणि बेष्ट. बेष्ट ते फार जपून वापरत. कोपऱ्यावरच्या चहाला तो मिळायचा, शिंप्याने नीट बसवलेल्या कॉलरला मिळायचा. मला कधी मिळाला नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले, तेव्हा त्यांनी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "ठीक." मागच्या बाजूला काय सापडेल असं त्यांना वाटलं होतं, ते देवच जाणे.

इथे नेदरलँड्समध्ये मी चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते. आमचा साहेब डच, उंच, दुपारी ब्रेडचे दोन तुकडे आणि चीज खाऊन संतुष्ट राहणारा. वर्षाअखेरीस तो प्रत्येकाशी तासभर बोलतो. बोलणं इंग्रजीत, पण शेवटी कागद मिटताना डचमध्ये म्हणतो, "बेस्ट खूट." माझं डच तेव्हा भाजी घेण्यापुरतं. 'खूट' म्हणजे चांगलं, एवढं येत होतं. 'बेस्ट'चा अर्थ कुणाला विचारायचा? तो तर मी लहानपणापासून ऐकत होते. पहिल्या वर्षी मी घरी येऊन दही टांगलं, श्रीखंड केलं आणि बाबांना फोन करून सांगितलं, साहेब बेष्ट म्हणाले. बाबा म्हणाले, ठीक. मग हे दर वर्षी होत गेलं. सहा वर्षं, सहा वेळा श्रीखंड.

सातव्या वर्षी आमच्या टीमला लीड हवा होता. ती जागा माझ्यामागून आलेल्या एका पोराला मिळाली. मी चिडले. यांना आपली माणसं दिसतच नाहीत, असं घरी येऊन बरंच काही बोलले. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि भांडी घासली.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मुलीला पोहण्याच्या शिकवणीला नेलं होतं. इथे पोरांना पोहण्याचा डिप्लोमा घ्यावाच लागतो, दारोदार कालवे आहेत. आई-बाप काचेआड गरम, क्लोरीनच्या वासाच्या कँटीनमध्ये बसतात. मुलगी बाहेर आली, तिचा चेहरा पडला होता. सर काय म्हणाले, विचारलं. "बेस्ट खूट," ती म्हणाली. मी तिला तिथेच मिठी मारली आणि अभिनंदन म्हटलं. ती मला बाजूला करून वैतागून म्हणाली, "आई, दॅट्स नॉट गुड. बेस्ट खूट म्हणजे... बरं आहे. अजून नाही झालं. आय हॅव टू डू इट अगेन."

मी तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग सायकलवरून घरी येताना सहा वर्षांची सहा श्रीखंडं एकेक करून आठवली. कुणी फसवलं नव्हतं. साहेब दर वर्षी सरळ सांगत होता, आणि मी दर वर्षी मला हवं ते ऐकत होते. मला फार लाज वाटली.

सोमवारी मी परीक्षेचा अर्ज भरला. मला असं काहीतरी हवं होतं ज्याचा अर्थ कुणाला विचारावा लागणार नाही. गुणांना डच नसतं. पुढचे चार महिने शनिवारी त्याच कँटीनमध्ये मी गणितं सोडवली, आणि काचेपलीकडे मुलगी पाय मारत राहिली. ती काठाशी आली की मी खुणेने सांगायची, पाय सरळ, मान खाली.

परीक्षा गुरुवारी झाली. गुण लगेच पडद्यावर आले. विद्यापीठाला हवे होते त्याहून बरेच जास्त. मी स्टेशनवर बसून बाबांना फोन केला. त्यांनी कितीपैकी ते विचारलं, थोडा हिशेब केला आणि म्हणाले, "ठीक."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं. "बाबा, मला कधी बेष्ट का नाही म्हणालात?"

ते म्हणाले, "बेष्ट म्हटलं की माल पुढे जात नाही, नमुना म्हणून बाजूला ठेवतात. तुला पुढे जायचं होतं ना?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे आवाजावरून कळलं. त्यांच्यावर रागवता येईना. मी एवढंच म्हणाले की मला थोडा वेळ बाजूला बसायला आवडलं असतं. ते हं म्हणाले आणि गाडी वेळेवर आहे का ते विचारलं. गाडीत मी रडले. समोरच्या बाईंनी न विचारता कागदी रुमालांचं पाकीट पुढे केलं.

दोन दिवसांनी मुलीची डिप्लोमाची परीक्षा होती. कपडे-बूट घालून पोहायचं, मग पाण्यात टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पाण्याखालून पलीकडे जायचं. ती भोकापाशी एकदा अडखळली, वर आली, श्वास घेऊन पुन्हा गेली आणि पार झाली. डिप्लोमा मिळाला. ओल्या बुटांनी पचपच करत ती माझ्यापर्यंत आली आणि तिने विचारलं, कसं झालं?

पहिल्यांदा डुबकी मारताना मान वर राहिली होती. ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"बेष्ट," मी म्हटलं.

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "डच का मराठी?"

"मराठी," मी म्हटलं, आणि ती ओल्या कपड्यांनिशी माझ्या मांडीवर बसली.