संशोधन केंद्राची पाटी

पवारमामांचं नाव आधी घेतो. इथे मध्य प्रदेशात, देवासात पाट्या रंगवतात. ते नसते तर मी आज परत लातूरला असतो.

त्या सकाळी आमच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत लाइन लागली होती. ज्याच्या त्याच्या हातात आधार कार्ड!

आमची जागा म्हणजे युनिव्हर्सिटीची जुनी वेधशाळा, ग्रहतारे बघायची. संस्थानाच्या काळातली पितळी दुर्बीण, वर फिरता घुमट. साखळी ओढून तो घुमट फिरवायचा, हे माझं काम. शिक्षण सातवी. त्या दिवशी हेरिटेज खात्याच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. इथे कोणी फिरकत नाही असं दिसलं, तर दुर्बीण इंदूरच्या स्टोअरला जाणार आणि मी घरी.

म्हणून वेधशाळा सांभाळणाऱ्या जोशीसरांनी नवी पाटी करून घेतली. सर पुण्याचे. मजकूर त्यांचाच : खगोल संशोधन केंद्र. मामांनी 'खगोल' वर बारीक बसवलं, बाकीचं ठसठशीत. आता मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. हिंदीत संशोधन म्हणजे चूक दुरुस्त करणं. आधारवरचं नाव चुकलं की त्याचंही संशोधनच होतं.

"पवार, तुमच्या लक्षात नाही आलं?" सर ओरडले.

"आलं ना साहेब. पण पुणेवाल्याला मराठी शिकवायची हिम्मत कोणाची?"

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. सर मला म्हणाले, "आधी या लाइनीतल्या लोकांना घालव." मामांनी मला बाजूला ओढलं. "अरे भिया, माणसंच पाहिजे होती ना? लाव दुर्बीण." मग लाइनीकडे वळून, "आधार का काम यहाँ नहीं होता! आए हो तो सूरज देख जाओ, फोकट में!"

काही जण बडबडत गेले. बरेच थांबले. सूर्य आम्ही दुर्बिणीतून थेट बघू देत नाही, डोळे जातात. दुर्बिणीमागे पांढरा कागद धरतो, त्यावर सूर्य ताटलीएवढा उमटतो. त्यावरचे काळे ठिपके म्हणजे सौर डाग. एक आजीबाई कागदावर वाकल्या.

"अच्छा, सूरज में भी गलती है! तो इसका संशोधन होता है यहाँ. कब तक ठीक हो जाएगा?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. भिंतीला टेकून हसल्या. मग सरांना म्हणाल्या, "बोर्ड गलत है जोशीजी. पर लोग रुके तो सही."

दुर्बीण देवासातच राहिली. मीही. पाटी बदलली : 'तारे देखने की जगह'. धडा एवढाच, की पाटी टांगण्याआधी रस्त्यावरच्या माणसाकडून वाचून घ्यावी.

मामांनी अजून दुर्बिणीला डोळा लावलेला नाही. म्हणतात, मला शिडीवरून सगळं दिसतं. एक दिवस हाताला धरून आणीन आणि शनीची कडी दाखवीन. त्यांचं माझ्यावरचं ऋण असंच कधीतरी फेडणार आहे.