आपल्याकडे म्हणजे कुठे

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की समोर टांगे उभे असायचे आणि टांगेवाल्यांचा प्रश्न एकच असायचा, गावात की वेसाव्याला. तिसरीकडे जाण्यासारखं काही नव्हतंच. बाजाराचा थोडा गजबजाट संपला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडाची झाडं लागायची, त्यांच्या खोडांना खाचा पाडलेल्या आणि वर मडकी बांधलेली. सकाळी त्याच रस्त्याने वेसाव्याच्या कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन झपझप यायच्या. त्यांच्या मागून चालायचं तर पळावंच लागे. आज हे कुणाला सांगितलं की लोक मान डोलावतात आणि लगेच फ्लॅटच्या किमतींवर येतात. मला राग येतो, पण सांगायचं काही मी सोडत नाही.

आमचं घर गावठाणाच्या कडेला होतं. कौलारू घर, खालच्या दोन खोल्या आमच्या आणि वर घरमालकीण. ती तिथल्याच जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. घराच्या मागे भातशेत, शेतापलीकडे भरतीच्या पाण्याचं खाजण, आणि अगदी टोकाला, ऊन असेल तर, मिठागरातले मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. डाव्या हाताला गावदेवीची काळी टेकडी. सरळ उभा कातळ, त्यात खोदलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर देऊळ. मी तेव्हा चौथीत होते आणि माझ्या मते जगात याहून चांगली जागा नव्हती. आईच्या मते याहून वाईट नव्हती.

आम्ही मूळचे गिरगावातले. चाळीत, दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. बाबांना दमा होता. चाळीत ते पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला जा म्हणून सांगितलं, आणि ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने या दोन खोल्या मिळाल्या. आईने एकच अट घातली, गिरगावातली खोली सोडायची नाही. दमा बरा झाला की परत. तिथे कुलूप लावून आम्ही इकडे आलो, अर्धं सामान तिथेच ठेवून. आल्यावर बाबांना आडवं पडून झोप लागू लागली. ते बरे होत होते, म्हणजे आमचा परत जायचा दिवस जवळ येत होता. माझी मोठी पंचाईत झाली होती. बाबांची ढास ऐकू आली की मला वाईट वाटे, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटे.

आईच्या तोंडी सतत एक शब्द असायचा, 'आपल्याकडे'. आपल्याकडे म्हणजे गिरगावात. आपल्याकडे फुलवाला पुडी दाराला अडकवून जातो. आपल्याकडे मीठ संपलं तर गॅलरीत नुसता हात पुढे केला की पुरे. आपल्याकडे दिवे लागले की माणसं बाहेर पडतात, इथे दारं लावून घेतात. अंधेरीला ती 'इथे' म्हणायची, आणि फारच वैतागली तर 'या जंगलात'. तिला सगळ्यांत जास्त झोंबायचं ते शेजाऱ्यांचं बोलणं. अंधेरीची माणसं दादरच्या पुढे निघाली की 'मुंबईला जाऊन येतो' म्हणायची. आई म्हणायची, मग तुम्ही आत्ता कुठे बसलायत, नागपूरला? कागदोपत्री अंधेरी मुंबईत आली होती, पण बोलण्यात अजून आली नव्हती.

मला मात्र त्या जंगलात उसंत नसे. दुपारी खाणीत सुरुंग उडायचा. आधी शिट्टी व्हायची, एक माणूस लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राहायचा, टांगे थांबायचे. मग धाड असा आवाज यायचा आणि आमच्या मांडणीवरचे डबे थरथरायचे. गावठाणातल्या गल्ल्यांच्या तोंडाशी चुना लावलेले क्रूस होते आणि त्यांच्या पायथ्याशी झेंडूच्या माळा असायच्या. माळा घालणाऱ्या बायका लुगडी नेसायच्या, आमच्यासारखंच मराठी बोलायच्या, फक्त हेल निराळा. खाजणात भरतीचं पाणी शिरलं की बगळे उतरायचे आणि ओहोटीला चिखलातून खेकडे काढायला पोरं धावायची. पार्ल्याच्या बाजूने वारा असला की भाजलेल्या बिस्किटांचा वास येतो असं सगळे सांगायचे. आमच्यापर्यंत तो दोनतीनदाच आला असेल, पण आता त्या भागात वाढलेला प्रत्येकजण त्या वासावर वाढलेला असतो, मग मीच का मागे राहू. संध्याकाळी टेकडीकडून कोल्हे ओरडायचे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आई भाकरी तव्यावर टाकून देवापुढे जाऊन बसली होती. भाकरीचा कोळसा झाला.

तिच्यात काही बदल होत होता का? असला तर तिने तो कबूल केला नाही. मासळी तेवढी बरी मिळते, एवढंच ती म्हणायची, आणि तेही नाक मुरडून. पण कोळणीची हाक लांबून ऐकून आज पाटीत काय असेल ते ती ओळखू लागली होती. मावशी वरून टोपली सोडायची, तिच्यात कधी चिंचा, कधी अंडी. आई त्याच टोपलीत काहीतरी घालून ती परत वर पाठवायची. विहिरीजवळ तिने मोगरा लावला. मी म्हटलं, आपण जाणारच आहोत तर लावतेस कशाला? तर म्हणाली, उगाच पाणी वाया जातं म्हणून. मला ते पटलं. मोठी माणसं आपल्याला खरं सांगतात असं वाटण्याचं ते वय होतं.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता, भात पोटरीला आलं तेव्हा, गिरगावच्या चाळमालकाचं पत्र आलं. खोली नुसती कुलपात ठेवून चालणार नाही. दिवाळीच्या आत राहायला या, नाहीतर सोडा. बाबांनी पत्र वाचून आईकडे पाहिलं आणि तू म्हणशील तसं, एवढंच म्हणाले. ते मनापासून म्हणाले हेच वाईट होतं. ते परत जायला तयार होते, उशा रचायलाही तयार होते. आई म्हणाली, आधी जाऊन खोली झाडून घेते, मग सांगते. झाडायचं ते राहायला जायचं म्हणूनच, असं मी धरून चालले. त्या रविवारी मी टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून देवीला सांगून आले की खोलीला वाळवी लागू दे.

दसरा झाल्यावर आई मला घेऊन गिरगावात गेली. खोलीला वाळवी नव्हती. आईने दारं-खिडक्या उघडल्या, पदर खोचला, जाळी काढली, फरशी धुतली. मला वाटलं, संपलं सगळं. दुपारी समोरच्या काकूंनी जेवायला बोलावलं. या काकू म्हणजे आईची चाळीतली सगळ्यांत जवळची. माझ्या जन्माच्या वेळी त्याच तिच्या उशाशी होत्या. त्यांच्याकडे नवी सून आली होती. तिने आम्हाला सतरंजी अंथरली, तांब्या-भांडं आणून ठेवलं. आई सवयीने आत जाऊन विळी ओढायला लागली, तर सून म्हणाली, तुम्ही बसा ना, उगाच कशाला. काकूही म्हणाल्या, बस गं, दमून आलीस. आई बसली, पण तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

जेवताना सुनेने कौतुकाने विचारलं की तुमच्याकडे म्हणे कोल्हे येतात. आणि माझ्या आईने, जिची भाकरी करपली होती त्याच माझ्या आईने, मान ताठ करून सांगितलं की येतात तर, टेकडीवरून येतात, संध्याकाळी ओरडतात, पण कुणाला काही करत नाहीत. मग ती थांबेचना. दारात येणारी ताजी मासळी, मागचं भात, विहिरीचं पाणी. बोलता बोलता ती म्हणाली, "आपल्याकडे मोगरा एवढा येतो की वाटून उरतो."

"आपल्याकडे?" काकू हसल्या. "आपल्याकडे कुठला मोगरा गं? आपल्याकडे फुलवाल्याची पुडी."

सून हसली, मीही हसले. आईही हसली, पण मग तिने भातात आमटी कालवली आणि बराच वेळ नुसती कालवत राहिली.

निघताना आम्ही खोलीला कुलूप लावलं आणि आई नेहमीसारखी काकूंच्या दारात उभी राहिली. याआधी आम्ही जेव्हा जेव्हा तिथून निघालो, तेव्हा काकू हात पिठात असले तर आतूनच ओरडायच्या, नीट जा गं म्हणून, आणि आई जिन्याला लागायची. त्या दिवशी त्यांनी तिला थांबायला सांगितलं. सुनेने पाट मांडला. काकूंनी हळदीकुंकवाची कोयरी आणली, आईला कुंकू लावलं आणि तांदूळ-नारळ घेऊन तिची ओटी भरली.

आई पदर पुढे धरून म्हणाली, "अहो काकू, मी काय पाहुणी आहे का?"

"असं काय बोलतेस? लांबून आलेली सवाष्ण, रिकामी कशी पाठवू?" काकू म्हणाल्या.

त्यांनी ते अगदी प्रेमाने म्हटलं. आपण काही लागेलसं बोललो हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. चाळीतल्या बायका सणाला एकमेकींना कुंकू लावत, पण रोज जाता-येता शेजारणीची ओटी कुणी भरत नाही. ओटी भरून पाठवतात ती बाहेरून आलेलीला. मला हे तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आईने वाकून काकूंना नमस्कार केला आणि एरवी दोनतीनदा मागे वळून बघणारी ती, त्या दिवशी सरळ जिना उतरून गेली.

गाडीत ती ओटीची गाठ मांडीवर धरून बसली. अंधेरीला उतरल्यावर आम्ही टांगा न करता चालत निघालो. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि कडेच्या वाडीतली माणसं कापणीआधी खळं सारवत होती. एकदोघींनी विचारलं, मुंबईला गेला होता का? आई म्हणाली, हो. मी तिच्याकडे बघितलं. त्या शब्दावर ती भांडली नव्हती, याचंच मला नवल वाटलं.

बाबा पायरीवर वाट बघत बसले होते. काय ठरलं, असं त्यांनी विचारलं नाही, नुसते उठून उभे राहिले. आईने पदराची गाठ सोडून नारळ देवापुढे ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "खोली सोडून द्या."

बाबांनी विचारलं, नक्की ना, मागाहून वाटेल. ती म्हणाली, नाही वाटणार. ते आत जाऊन पाणी प्यायले. मी मात्र मागच्या दाराने सुटले ती शेताच्या बांधावरून खाजणाच्या काठापर्यंत पळत गेले. बगळे उडाले. लांबच्या मिठाच्या ढिगांवर शेवटचं ऊन होतं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि कुणी ऐकायला नव्हतं म्हणून मी ओरडलेही. इतका आनंद त्यानंतर मला मोजक्याच वेळा झाला असेल.

परत आले तर आई विहिरीच्या कठड्याशी एकटी बसली होती. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं आणि ती रडत होती. हुंदके नाहीत, काही नाही, नुसतं पाणी वाहत होतं. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पायांना चिखल होता, धाप अजून लागलेली होती, आणि मला एकदम वाटलं की मी बांधावर जो आनंद उधळून आले तो हिच्या अंगावरून ओढून घेतलेला आहे. मी म्हटलं, आई, नको ना सोडूया खोली. जाऊया आपण परत, मला चालेल.

तिने मला जवळ ओढलं.

"खोली केव्हाच सुटली गं," ती म्हणाली. "इकडे यायला निघाले तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. म्हटलं, परत तर यायचंय. ते आता होतंय. होऊ दे."